माझ्या चित्रातली काळी रेघ

मित्रांनो, मी एक जुना प्रोब आहे आणि स्वभावाने भित्रा आहे. सोनोग्राफीच्या यंत्राला वायरने जोडलेला, साबणाच्या वडीएवढा जो तुकडा डॉक्टर अंगावर फिरवतात, तो मी. माझ्या वाट्याला स्तनांची तपासणी आली. हसू नका हं! नाक, कान, गुडघा तसाच तोही एक अवयव. त्यालाही दुखणी होतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे टोप्या घातलेल्या कामगारांनी माझ्या तोंडाशी बारीक स्फटिकांची रांग बसवली. हे स्फटिक माणसाला ऐकू न येणारा आवाज शरीरात सोडतात, आतून आलेला प्रतिध्वनी झेलतात आणि पडद्यावर चित्र उमटते. पाण्याने भरलेली गाठ काळी, गुळगुळीत दिसते. भरीव गाठीही बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. पण एखादीच्या कडा वेड्यावाकड्या असतात. तशी दिसली की मला कर्करोगाची भीती वाटे. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, त्यात काही बायकांचे स्तन इतके पांढरे दिसतात की पांढरी गाठ त्यात लपून बसते. अशा वेळी मला बोलावणे येई.

आमच्या डॉक्टरबाई म्हणजे कपाळावर चष्मा चढवून तो टेबलाखाली शोधणाऱ्या. त्यांची एक पद्धत होती. अंगाला चिकट जेल लावण्याआधी त्या म्हणायच्या, "जिथे हाताला लागतंय तिथे तुमचंच बोट ठेवा बघू." मग त्या बोटाच्या जागी मला टेकवायच्या. "एवढंसं आहे, पण किती दिसतं याला!" असे बायका म्हणत आणि मी फुशारून जाई.

एके दिवशी त्यांच्याच हातून मी निसटलो आणि फरशीवर तोंडावर आपटलो. मधले काही स्फटिक निकामी झाले. तेव्हापासून माझ्या चित्राच्या मधोमध, वरून खाली, एक काळी रेघ दिसू लागली. तिच्या आड काय आहे ते मला दिसत नसे. नवा प्रोब मागवायचा तर तो येईपर्यंत तपासण्या बंद, आणि बाहेर बाकावर बायका ताटकळलेल्या. "चालतोय की अजून," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या मला जरा इकडे, जरा तिकडे सरकवून, आडवा-उभा फिरवून बघत. हाताला त्याची इतकी सवय झाली की रेघ आहे हेच त्या विसरून गेल्या. मी मात्र विसरलो नाही. रोज वाटे, आज काहीतरी निसटणार.

मग डॉक्टरबाई दोन आठवडे रजेवर गेल्या. त्यांच्या जागी तरुण डॉक्टर आले. माणूस कष्टाळू, पण रेघेबद्दल त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. ती आतलीच कसली तरी सावली आहे असे ते धरून चालले.

तिसऱ्या दिवशी शिवणकाम करणारी एक बाई आली. बोटांवर सुईचे टोचे, आणि सोबत थोरली जाऊ. तिला छातीत वाटाण्याएवढे काही लागत होते.

"दोन महिने गप्प बसली ही!" जाऊ म्हणाली. "कापड एक सूत वाकडं गेलं तर सगळं उसवून बसते, आणि इथे मात्र तोंडातून शब्द नाही."

"जाऊबाई, पुरे ना आता."

तिला पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत गाठीची जागा लिहिलेली होती, म्हणून या डॉक्टरांनी बोट ठेवायला सांगितले नाही. त्यांनी मला टेकवले आणि माझी घाबरगुंडी उडाली. वाटाणा बरोबर माझ्या रेघेआड होता! त्यांनी मला सरळ खाली नेले, तशी रेघही सरळ खाली आली. शेजारची पट्टी पाहताना गाठ माझ्या कडेबाहेर राहिली. मला आडवा करा, असे मी मनात ओरडत होतो. पण वायरीतून फक्त चित्र जाते.

"काही नाही. निश्चिंत राहा," डॉक्टर म्हणाले. ती बाई हसत उठली आणि मी यंत्राच्या खुंटीवर लटकत राहिलो.

रजेवरून परतल्यावर डॉक्टरबाईंनी जुनी चित्रे चाळली. एका चित्रापाशी त्या थांबल्या, चिठ्ठी पाहिली. लिहिलेली जागा नेमकी रेघेआड होती. त्यांनी स्वतः त्या बाईला फोन लावून पुन्हा तपासायला बोलावले.

"तुमचेच डॉक्टर म्हणाले ना, काही नाही?" फोनमधून शिलाई मशीनची खडखड ऐकू येत होती. "शाळेचे दोनशे गणवेश शिवायचेत मला. नंतर बघू."

फोन बंद झाला. पुढचे चार दिवस दार वाजले की मला तीच आली असे वाटे. पाचव्या दिवशी जाऊच तिला घेऊन आली.

"ओढत आणलंय. आता नीट बघा."

या वेळी तिने बोट ठेवले. डॉक्टरबाईंनी मला आडवे केले आणि गाठ दिसली. लहानशी, वेड्यावाकड्या कडांची.

"सुईने बारीक तुकडा काढून तपासावा लागेल."

"मागच्या वेळी होती का ही?" बाईने विचारले.

नाही म्हणणे सोपे होते.

"होती," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा प्रोब माझ्या हातून पडला होता. मी कोणाला बोलले नाही. चूक माझी आहे."

बाई अंगावरचे जेल पुसत उठून बसली. मग म्हणाली, "त्या दिवशी बाहेर बाकावर आणखी बायका होत्या. त्यांना कळवलंत का?"

गाठ कर्करोगाचीच निघाली, पण लवकर सापडली. शस्त्रक्रिया झाली, आणि आता ती बाई पुन्हा शिलाई मशीनवर बसते. डॉक्टरबाईंनी चूक कबूल केली त्याच दुपारी मला 'वापरू नये' अशी चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवले.

मित्रांनो, तुमच्या हातून काही पडले, मोडले, तर लपवू नका. आणि आई, मावशी किंवा आत्या म्हणाली की इथे काहीतरी लागतंय, तर तिला तपासणी उद्यावर ढकलू देऊ नका.

तरुण डॉक्टरांच्या त्या दोन आठवड्यांत माझ्याखाली एकोणीस जणी झोपल्या होत्या. अठरा जणी नव्या प्रोबने पुन्हा तपासून गेल्या. एकीला डॉक्टरबाई रोज फोन लावतात, तो वाजतो आणि कोणी उचलत नाही. तिच्या घरी तुमच्यापैकी कोणी राहत असेल, तर एवढे करा, फोन उचला.