कोळंबीच्या नोंदीखालची अक्षरं

बायकोला जाऊन महिनाही झाला नव्हता, तोच मेहुण्याने त्याला ग्रीक शब्दकोशाच्या कचेरीत बोलावून घेतलं. फ्रिज दुरुस्तीची पिशवी खांद्यावर तशीच ठेवून तो आला.

"बसा, दाजी."

"उभाच बरा आहे. काय ते बोल."

मेहुणा कोशाचा संपादक. बहिणीला त्यानेच इथे कामाला लावलं आणि वर्षानुवर्षं राबवून घेतलं. त्याने छपाईला निघालेलं पान पुढे सरकवलं. कोळंबीला प्राचीन ग्रीक भाषेत 'कारिस' म्हणत. हा शब्द आला कुठून, याच्यामागे ती मरेपर्यंत लागली होती. पानावर होतं: 'डोकं' या अर्थाच्या शब्दावरून. खाली तिची आद्याक्षरं; तीच दाखवायला दाजीला बोलावलं होतं.

"हे तिचं नाही," दाजी म्हणाला. "कोळंबी सोलताना मीच म्हणायचो, नुसतं डोकंच तर आहे, त्यावरूनच पडलं असेल नाव. ती म्हणायची, ताट बघून सगळ्यांना हेच सुचतं, पण पुरावा कुठाय? ग्रीकांच्या आधी तिथे राहणाऱ्यांचाही शब्द असेल. मी 'माहीत नाही' असंच लिहिणार, असं म्हणायची ती."

"शेवटी पटलं होतं तिला. दवाखान्यात मला म्हणाली."

"कधी? तू एकदाच उगवलास, तेव्हा तिच्या घशात नळी होती. माझ्याशी एक शब्द बोलता येईना, आणि तुझ्याशी ग्रीक बोलली?"

मेहुण्याचा चेहरा उतरला. मग तो उसळला. "इथली रीत ठाऊक आहे? ज्याचं मूळ लागत नाही, त्या नोंदीखाली कुणाचंच नाव घालत नाहीत. अख्ख्या कोशात ताईची ही एवढी एकच नोंद. पुसायचंय तिला?"

"बाकीच्या तुझ्या नावावर चढवल्यास, म्हणून एकच उरली."

दाजीने टेबलावरचं लाल पेन उचललं. डोक्याची ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'मूळ अज्ञात'. त्या दोन अक्षरांपाशी मात्र हात अडला. घरच्या किराण्याच्या चिठ्ठीखालीसुद्धा ती अशीच अक्षरं टाकायची. त्याने दात आवळून तीही खोडली.

"असंच छाप. नाहीतर नळीची गोष्ट तुझ्या वरच्यांना सांगेन."

"माझी बहीण होती ती, दाजी."

"मग तिच्या तोंडी खोटं घालताना लाज वाटायला हवी होती. आणि आता दाजी म्हणू नकोस."

त्याने पेन फेकलं, पिशवी सावरली आणि तो जिना उतरला.