उतारावरचं डिझेल

सकाळी आठच्या ठोक्याला मालकीणबाईंनी सगळ्या ड्रायव्हरांना ऑफिसात बोलावलं, तेव्हाच गुरुजींनी ओळखलं की आज डिझेलचा विषय निघणार. ऑफिस म्हणजे पत्र्याची एक खोली. एका भिंतीवर बावीस ट्रकांच्या किल्ल्या ओळीने टांगलेल्या, आणि छताला एक पंखा, जो वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त द्यायचा.

"टाक्यांना कुलुपं लावली, झाकणाखाली जाळ्या बसवल्या," बाई म्हणाल्या. "ट्रक तेवढेच, फेऱ्या तेवढ्याच, आणि डिझेल मात्र शेजारच्या मालकांपेक्षा जास्त लागतंय. ते काय उडून जातं?"

"ऊन फार आहे बाई, उडतही असेल," मागून कोणीतरी पुटपुटलं. चारजण गालातल्या गालात हसले.

गुरुजी हसले नाहीत. इथल्या निम्म्या ड्रायव्हरांना स्टिअरिंग धरायला त्यांनी शिकवलं होतं, म्हणून त्यांना सगळे गुरुजी म्हणत. बाईंनी त्यांच्याकडेच बघून विचारलं, "तुम्ही सांगा गुरुजी. घाटाच्या फेरीला ठरवून दिलंय तेवढं डिझेल खरंच लागतं?"

"लागतं बाई. चढ फार वाईट आहे."

चढ वाईट होता हे खरं. पण चढ संपला की पलीकडे लांबलचक उतारही होता. तो बाईंनी विचारला नाही आणि गुरुजींनी सांगितला नाही.

त्या उताराची रीत घाटाच्या सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक होती. माथ्यावर आलं की गिअर काढायचा आणि भरलेला ट्रक न्यूट्रलमध्ये खाली सोडायचा. इंजिन गप्प, वारा कानाशी, चाकं आपसूक पळताहेत. पायथ्याशी ताडपत्रीची एक टपरी होती, तिथे कॅनमधलं डिझेल रोखीने विकत घेत. टाकीच्या बुडाशी गाळ काढायचा एक नट असतो. कुलूप वर आणि नट खाली! तो सैल केला की कॅन भरायला किती वेळ लागतो? चोरी हा शब्द गुरुजींच्या तोंडी कधी आला नाही. ते म्हणत, "आज उतारावरचं दोन कॅन निघालं." जणू डोंगरानेच ओंजळ भरून दिलेलं.

बैठक संपवून गुरुजी गॅरेजकडे आले, तर ट्रकखालून मिस्त्रीचे नुसते पायच दिसत होते. अठरा वर्षं या माणसाने इथल्या प्रत्येक ट्रकचं दुखणं-खुपणं पाहिलेलं.

"गुरुजी, तुमचे ब्रेकचे लायनर पुन्हा जळले," पाय बोलले. "काचेसारखे गुळगुळीत झालेत. ब्रेक धरणार कसा?"

"हल्ली लायनरचा मालच हलका येतो."

"माल चांगला आहे, तुमचा पाय जड आहे." मिस्त्री सरपटत बाहेर आला आणि चिंधीला हात पुसू लागला. "उतारावर गिअर काढता ना? मला बनवू नका, मी गाडीच्या पोटातून बघतो."

"अरे, गिअरमध्ये उतरलं की इंजिन ओरडतं. डिझेल नाही का जळत?"

"ओरडू दे की! ओरडतं म्हणजे गाडीला मागे धरतं. आणि गिअरमध्ये पाय उचलला की इंजिनाला डिझेल जातच नाही, चाकंच त्याला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र ते धुगधुगी टिकवायला थेंब थेंब पीत बसतं. मग तुमचं उरतं कुठून, सांगू?" त्याने आवाज खाली आणला. "तुम्ही बाईंना चढ वाढवून सांगता, तिथून उरतं. उतार बिचारा उगाच बदनाम."

गुरुजींना ते झोंबलं. "तू नट-बोल्टाचं बघ," असं म्हणून ते तडक निघून गेले. चार दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

पाचव्या दिवशी गुरुजींचा ट्रक दुरुस्तीला होता, म्हणून ते जावयाच्या ट्रकात शेजारी बसून निघाले. एकुलत्या एका लेकीचा नवरा. दोन वर्षांपूर्वी गुरुजींनीच त्याला इथे चिकटवलं आणि हाताला धरून शिकवलं. घरी तो त्यांना मामा म्हणे, पण केबिनमध्ये चढला की गुरुजी. मागे फरशीच्या पेट्या गच्च भरलेल्या होत्या.

माथा आला. जावयाने ऐटीत गिअर काढला.

"बघा हं गुरुजी. तुमच्यापेक्षा हलका हात आहे की नाही?"

"जरा बेतानं, जावईबापू."

इतकी वर्षं गुरुजी हा उतार स्टिअरिंगमागून उतरले होते. शेजारच्या सीटवरून तो त्यांनी आज पहिल्यांदा पाहिला. इथे पायाखाली ब्रेक नव्हता. तरी त्यांचा उजवा पाय नकळत खालचा पत्रा दाबू लागला. एक वळण गेलं, दुसरं गेलं. जावई पुन्हा पुन्हा ब्रेक दाबत होता आणि ब्रेकमधल्या हवेचा दाब दाखवणारा काटा दर वेळी थोडा खाली सरकत होता. तिसऱ्या वळणावर करपल्याचा वास केबिनमध्ये शिरला. गुरुजी ओरडले.

"गिअर टाक! अरे, गिअर टाक!"

जावयाने दांडा रेटला. करकर आवाज झाला, पण गिअर काही पडेना. चाकांचा वेग कधीच गिअरच्या आवाक्याबाहेर गेला होता.

समोर रस्त्याचं काम चाललं होतं. डोक्यावर खडीच्या पाट्या घेतलेल्या सात-आठ बाया, आणि लाल फडकं हलवणारा एक म्हातारा.

"वाळूत घाल! डावीकडे, ढिगात!"

हॉर्न, किंकाळ्या, धूळ. ट्रक वाळूच्या ढिगात छातीपर्यंत रुतला आणि थरथरत थांबला. एकीची पाटी चाकाखाली चेपली. ती पाटी टाकून पळालेली बाई दहा पावलांवर बसून थरथरत होती. दहा पावलं! तेवढंच अंतर होतं. जावयाच्या खांद्याचं हाड मोडलं. बाकी कोणाला खरचटलंही नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच पत्र्याच्या ऑफिसात चौकशी झाली. झोळीत हात अडकवून जावई उभा होता.

"ब्रेक लागले नाहीत," तो म्हणाला आणि सासऱ्यांकडे बघून त्याने मान खाली घातली.

मालकीणबाई मिस्त्रीकडे वळल्या. "आठ दिवसांपूर्वी तुम्हीच या गाडीचे ब्रेक तपासलेत ना?"

"तपासले होते, बाई. नवे लायनर घातले होते. चांगले होते."

"मग जळाले कसे?"

मिस्त्रीने गुरुजींकडे एकदाच पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, मागणं नव्हतं. पण एक जागा त्याने मोकळी सोडली होती, दुसऱ्या कोणाला बोलायला.

"माणसं मेली असती!" बाईंचा आवाज कापला. "अठरा वर्षं झाली म्हणून मी हे चालवून घेऊ? उद्यापासून येऊ नका."

मिस्त्रीने खिशातून गॅरेजची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

गुरुजींच्या मनात विचार विजेसारखा चमकून गेला. आता नुसतं गप्प बसलं की झालं. जावई वाचला, आपण वाचलो, टपरी वाचली. मग डोळ्यांसमोर ती रस्त्यावर थरथरत बसलेली बाई आली.

"थांबा!" ते म्हणाले. "ब्रेक मी जाळले."

"तुम्ही? तुम्ही तर शेजारी बसला होता."

"हात ह्याचा होता बाई, पण शिकवण माझी. गिअर काढायला मी शिकवलं. नट सैल करायला मी शिकवलं. आणि त्या दिवशी चढाबद्दल मी तुमच्या तोंडावर खोटं बोललो. मी चोर आहे!"

बाई काही बोलायच्या आत मिस्त्री बोलला.

"बाई, चोरी ती चोरीच, तिची बाजू मी घेणार नाही. पण तुमचंही थोडं चुकलं. डिझेल एकदा ठरवलंत, पुन्हा कधी कोणी मोजून पाहिलं नाही. कुलुपाला खर्च केलात. आपली माणसं कारखान्याच्या दारात दोन-दोन दिवस माल उतरायची वाट बघत उभी असतात. त्या दिवसांच्या जेवणाचं कोणी कधी विचारलं? मग माणूस टाकीकडे बघतो. आधी पोटासाठी, नंतर सवयीने."

"मला हे कोणी सांगितलंच नाही," बाई हळूच म्हणाल्या.

"तुम्ही डिझेलचा हिशोब विचारता, बाई. हाल विचारलेत तर सांगतील."

बाईंनी किल्ली उचलली आणि मिस्त्रीच्या हातात परत दिली. त्याच आठवड्यात घाटाचा प्रत्येक ट्रक टाकी काठोकाठ भरून निघाला आणि परतल्यावर पुन्हा काठोकाठ भरून किती लागलं ते सगळ्यांसमोर फळ्यावर लिहिलं गेलं. नीट गाडी चालवून जो वाचवेल त्याला त्यातला वाटा उघडपणे मिळणार, आणि थांबलेल्या दिवसांचं जेवणही. गुरुजींनी टपरीचा पत्ता स्वतः सांगितला. सहा महिने त्यांच्या हाती स्टिअरिंग मिळणार नव्हतं. त्यांनी ते मुकाट्याने मान्य केलं.

चौकशी झाली त्याच संध्याकाळी ते लेकीकडे गेले. ती नवऱ्याला घास भरवत होती. तिला सगळं कळलेलं होतं.

"बाबा," ती वर न बघता म्हणाली, "हे तुमच्या हाताखाली लागले तेव्हा मी निवांत झोपायला लागले होते. म्हटलं, बाबा आहेत ना, मग घोर कसला."

गुरुजी उंबऱ्यापाशीच टेकले. म्हणाले, "चुकलो, पोरी. आता निवांत राहू नकोस. माझ्यावरही नजर ठेव."

तिने ताट बाजूला ठेवलं आणि पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला. माफ केलं असं ती म्हणाली नाही, त्यांनीही माफी मागितली नाही.

वाचकहो, आपणही कोणाचे तरी गुरुजी असतो. दुकानात, कचेरीत, घरात कोणीतरी आपल्याकडे बघून शिकत असतं. मालकाच्या टाकीतलं डिझेल असो की कचेरीच्या कपाटातले कागद, आपण जे लपूनछपून घेतो त्याची किंमत पुष्कळदा दुसराच कोणी मोजतो, रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन उभा असलेला. म्हणून ज्याच्या हाती कारभार आहे त्याने माणसांचे हाल विचारावेत आणि मोजमाप उघड्यावर करावं. आणि ज्याच्या हातून चूक झाली आहे त्याने दुसऱ्यावर आळ येण्याआधी तोंड उघडावं. गुरुजींना उशीर झाला होता, पण दहा पावलं शिल्लक होती. तेवढी प्रत्येकाला मिळतीलच असं नाही.