न झिजलेलं जस्त

आमच्या आईला एक सवत होती. लांबी बावीस फूट, रंग पांढरा, आणि बाबा दर रविवारी तिच्याकडे जायचे. ही शिडाची बोट त्यांनी जुनीच घेतली होती, बँकेतल्या कॅशियरला झेपेल अशा भावात. घेताना परवडली. पुढची तीस वर्षं कधीच परवडली नाही. धक्क्यावरच्या जागेचं भाडं, विमा, वर्षातून एकदा तिला पाण्याबाहेर काढून बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, मग रंग, मग फाटलेलं शिड, मग इंजिनाची कुरकुर. बँकेत जन्मभर एका पैशाची चूक न केलेला माणूस धक्क्यावरून खिसा झाडून परत यायचा. "सवतीचे लाड पुरवून झाले असतील तर घरातलं तेल संपलंय," असं आई म्हणायची. रविवारचा डबा मात्र तीच भरून द्यायची.

आई गेली. दोन वर्षांनी बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात गेला, पाय गेला, बोलणं तेवढं राहिलं. दिवसभराची बाई, व्यायाम करून घेणारा मुलगा, औषधं, आणि तिकडे धक्क्यावर ही महामाया नुसती उभी राहून खात होती. सह्यांचा अधिकार बाबांनी माझ्याकडे दिला होता. मी तीन महिने कळ काढली आणि बोट विकून टाकली.

घेणारा दातांचा डॉक्टर होता. त्याने गाद्या दाबून पाहिल्या, काचा पुसून पाहिल्या, बायकोला टोकावर बसवून फोटो काढले. निघताना त्याने सहज विचारलं, "हिची काही खोड वगैरे?" तिच्या खोडी जाणणारा जगात एकच माणूस होता आणि त्यालाच विचारायची सोय नव्हती.

"छे, काही नाही," मी म्हणाले.

बाबांना मी सांगितलंच नाही. त्यांच्या मनाला त्रास होईल असं काही बोलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि मला तेवढं निमित्त पुरलं. खरं तर मी भ्यायले होते. मग दर रविवारी मी धक्क्यावर जाऊन आल्याचं सोंग करून त्यांच्याकडे जायचे. ते विचारायचे, मी सांगायचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते उशीखालचं पाकीट डाव्या हाताने काढून मला द्यायचे, बोटीच्या खर्चासाठी. ते पैसे त्यांच्याच औषधांना जात होते, तरी पाकीट घेताना मला चोरट्यासारखं व्हायचं. म्हणून मी खर्च सांगायचेच नाही. शिड ठीक आहे, दोर ठीक आहेत, इंजिन एका दमात सुरू झालं. मला वाटलं, खोटं बोलायचंच तर निदान स्वस्तातलं बोलावं.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी खिडकीपाशी बसून त्यांची नखं कापत होते. आधी डावा हात घेतला होता.

"जस्त बदललंस?" त्यांनी विचारलं.

बोटीच्या बुडाला जस्ताची एक वडी लावलेली असते. खारं पाणी आधी तिला खातं, म्हणून बाकीचं धातूकाम वाचतं. लहानपणापासून हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्याकडे लक्ष देणं केव्हाच सोडलं होतं.

"बघितलं ना मी. जसंच्या तसं आहे. यंदा तो खर्च वाचला," मी म्हणाले.

मी करंगळीचं नख कापलं.

"वर्षभर खाऱ्या पाण्यात, आणि जसंच्या तसं?"

"म्हणजे, थोडंफार..."

"कधी विकलीस?"

माझ्या हातातलं नेलकटर खाली पडलं. "चौदा महिने झाले, बाबा."

ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. समोरच्या इमारतीत कुणीतरी गालिचा झटकत होतं.

"चौदा महिन्यांत एक दोरी तुटली नाही," ते म्हणाले. "अशी बोट नसते गं. मला मागेच शंका आली होती."

"मग विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस."

मला रडू फुटलं. त्यांनी डाव्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं. मग एकदम थांबले.

"पंपाचं सांगितलंस ना त्यांना?"

"कसलं?"

"अगं, तळात थोडं थोडं पाणी झिरपतं. भरलं की पंप आपोआप सुरू व्हायला हवा, पण त्याचं बटण कधीमधी अडकतं. अडकलं की चमच्याच्या दांड्याने त्याला टोला द्यावा लागतो. नाही सांगितलंस? लाव, आत्ता फोन लाव."

मी बाहेर जिन्यात जाऊन फोन लावला. दातांचा डॉक्टर भला माणूस. "ती बोट होय?" तो म्हणाला. "आम्ही पंधरा दिवस बाहेर होतो तेव्हा जागेवरच बुडाली हो. पंप सुरूच झाला नाही. क्रेन लावून काढली. दुरुस्तीत अर्थ नव्हता, मोडीत दिली." मग तोच म्हणाला, "जाऊ द्या, तुम्हाला तरी कुठे माहीत होतं."

आतून बाबांनी हाक मारली. मी तोंड धुतलं आणि त्यांच्यापाशी येऊन बसले.

"काय म्हणतो?"

"रडकुंडीला आलाय बिचारा," मी म्हणाले. "बटणाचं कळलंय त्याला, पंपच बदलला म्हणे. दोनदा. शिड उसवलंय. रंगवाला तिप्पट मागतोय. बायको म्हणते, हिला तरी ठेवा नाहीतर मला तरी."

"आणि जस्त?"

"पार झिजलंय. बोटाच्या पेराएवढं उरलंय."

बाबांच्या चेहऱ्याची चालणारी बाजू हसली. त्यांनी मान उशीवर टेकली.

"मग लवकर बदल म्हणावं," ते म्हणाले. "त्यात कंजुषी नको."

"सांगते."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मी नेलकटर उचललं आणि त्यांचा उजवा हात मांडीवर घेतला. त्या हाताला काही कळत नाही, तरी मी जपूनच कापत होते.