तोतारामआबांचा डावा गाल

गुलाब पेंटरने एकाच माणसाचा डावा गाल एकोणीस वेळा रंगवला आणि विसाव्या वेळी ब्रश खाली ठेवला. त्या गालाशी त्याचं काही वैर नव्हतं. निदान सुरुवातीला तरी नव्हतं.

गुलाब मूळचा शिंदखेड्याचा. पंचवीस वर्षं त्याने धुळ्यापासून नशिराबादपर्यंत दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या पाठी आणि पुढाऱ्यांची तोंडं रंगवली. शेवटची काही वर्षं तो जळगावात चुडामण भंगाळेच्या बोर्डांच्या कारखान्यात होता. चुडामण रावेरकडचा, घरची केळीची बाग, वय बत्तीस. केळीत मन रमलं नाही म्हणून एमआयडीसीत शेड घेतलेली. सत्त्याण्णव साली त्याने मुंबईतल्या कुणा जाहिरातवाल्याचं जुनं परदेशी मशीन ट्रकमध्ये घालून आणलं. दहा फूट लांब, पाच फूट रुंद टेबल, त्याला चाळणीसारखी भोकं. खालचा मोठा ब्लोअर त्या भोकांतून हवा ओढायचा, म्हणजे वर ठेवलेली प्लास्टिकची शीट टेबलाला चिकटून बसायची. वरून चार नोझल इकडून तिकडे फिरत कंप्रेसरच्या हवेने शाई फवारायचे. कॉम्प्युटरमध्ये फोटो घातला की वीस मिनिटांत माणूस तयार.

गुलाबला एक माणूस करायला दोन दिवस लागत, त्यात मिशीलाच एक दुपार जाई.

"गुलाबभाऊ, तुमाले काढत नाही मी," चुडामण म्हणाला होता. "अक्षरं हायेत, बाकी किरकोळ कामं हायेत."

किरकोळ हा शब्द गुलाबला लागला.  पण मशीनला त्याची दया आली असावी. पहिल्याच महिन्यात त्यातून निघणाऱ्या प्रत्येक माणसाच्या डाव्या गालावर काळसर धुरळा बसू लागला. केसांचा काळा कानावर उतरायचा, मिशी ओठावरून निघून गालभर पसरायची. भुसावळच्या एका बाळंतपणाच्या दवाखान्याचा बोर्ड निघाला, तर त्यावरच्या तान्ह्या बाळाला एका बाजूने दाढी. डॉक्टरीणबाई बोर्डासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "असं बाळ पाहून कोणती बाई माझ्याकडे येईल?"

ते बाळ गुलाबने वाचवलं. थिनरच्या बोळ्याने दाढी पुसली, वर ब्रशने गुलाबी गाल केला. तेव्हापासून मशीन माणूस काढायचं आणि गुलाब त्याची हजामत करायचा. या कामाचे त्याला बोर्डामागे वेगळे पैसे मिळू लागले.

मशीन विकणाऱ्यांचा पारेख नावाचा इंजिनिअर मुंबईहून तीनदा येऊन गेला. त्याने त्या धुरळ्याचं नाव ओव्हरस्प्रे असं सांगितलं. नाव कळल्यामुळे चुडामणला दोन दिवस बरं वाटलं. पारेख प्रत्येक वेळी सोबत आणलेली दहा बाय पाचची अख्खी शीट टेबलावर पसरायचा, तिच्यावर छापून दाखवायचा, आणि छपाई आरशासारखी स्वच्छ यायची. मग तो म्हणायचा, तुमच्याकडची वीज खराब आहे. दुसऱ्यांदा म्हणाला, जळगावचं ऊन खराब आहे. तिसऱ्यांदा, दिवाळीनंतर, त्याने शाईवर ठपका ठेवला आणि शेवभाजी जास्त खाल्ल्यामुळे एक दिवस लॉजवरच झोपून काढला. तो गेला की बोर्डावरच्या माणसांना परत दाढी फुटायची.

खरं कारण गुलाबला दसऱ्याच्या दिवशी कळलं, आणि तेही फुकट.

चुडामणने मशीनची पूजा ठेवली होती. टेबलाच्या डाव्या कोपऱ्याला टेकवून चार बाय पाचची नवी शीट लावलेली, तिच्यावर नारळ, हळदकुंकू, पेटती उदबत्ती, आणि मुहूर्त म्हणून मशीनचा ब्लोअरही चालू. थिनरचे डबे मात्र तेवढ्यापुरते बाहेर काढून ठेवले होते. गुरुजी डोळे मिटून मंत्र म्हणत होते, चुडामण डोळे मिटून हप्त्यांचा विचार करत असावा. गुलाब बाजूला उभा होता. त्याला संध्याकाळी विहारात जायचं होतं, दसऱ्याचा त्यांचा कार्यक्रम वेगळा. इथे तो पेढ्यांपुरता थांबलेला. पूजेत हात जोडायचा प्रश्न नसल्यामुळे सगळ्या शेडमध्ये डोळे उघडे असलेला तो एकटाच माणूस होता.

त्याने पाहिलं की उदबत्तीचा धूर वर जातच नाहीये. तो शीटवर आडवा झोपतो, सरळ उजवीकडे धावतो आणि शीट संपल्यावर टेबलाची जी सहा फूट मोकळी भोकं आहेत त्यांत घुसतो.

"बघा," गुरुजी डोळे उघडून म्हणाले, "देवाने धूप स्वीकारला."

गुलाबने पेढा तोंडात टाकला. देवाने नाही, ब्लोअरने स्वीकारला होता. मोकळ्या भोकांतून हवा ओढली जाते, तिच्यासोबत शाईचा बारीक तुषार वाहत जातो आणि वाटेत जो गाल लागेल त्याच्यावर बसतो. पारेखची अख्खी शीट सगळी भोकं झाकायची म्हणून त्याला कधी काही दिसलं नाही. भोकं रद्दीने झाकली की झालं.

हे सगळं त्याच्या ओठांपर्यंत आलं, आणि त्याने ते पेढ्यासोबत गिळून टाकलं. धुरळा गेला तर गुलाबही गेला, एवढा हिशेब त्याला येत होता.

घरी मात्र त्याने बायकोला, द्रौपदाबाईला, सांगितलं. ती नगरपालिकेच्या शाळेत शिपाई होती आणि तिला सरळ गोष्टी आवडत.

"माहीत शे तर सांगत का नही?" तिने घरच्या अहिराणीत विचारलं.

"सांगसू ना. घाई काय शे?"

घाई नव्हतीच. दिवाळी गेली, नाताळ गेला. मग जानेवारीत तोतारामआबांचं काम आलं.

तोतारामआबा म्हणजे धुळे जिल्ह्यातल्या एका जिनिंग सोसायटीचे चेअरमन. त्यांची एकसष्टी होती आणि कार्यकर्त्यांनी एकसष्ट बोर्ड सांगितले होते. सगळ्यांवर तोच फोटो, तेच फेट्यातलं तोंड, आणि नाकाखाली एवढी मोठी मिशी की मशीनला तर पर्वणीच. पहिला बोर्ड निघाला तेव्हा आबांचा डावा गाल गिरणीच्या धुराड्याने रंगवल्यासारखा दिसत होता.

गुलाब कामाला लागला. दिवसाला तीन आबा. थिनरने गाल पुसायचा, रंग कालवायचा, गालावरची सुरकुती रेखायची, सुरकुतीखालचा मस रंगवायचा. चौथ्या दिवशी तो मस त्याला पाठ झाला. पाचव्या दिवशी द्रौपदाबाईने ताटात भाकरी वाढली, तर तिच्या डाव्या कडेला जळका डाग. गुलाबने ताट सरकवलं.

"आते काय झालं?"

"आबा शे तठे," तो डागाकडे बोट करून म्हणाला.

द्रौपदाबाईने भाकरी उलटून दिली. 

कंटाळलेला हात स्वतःचं काहीतरी करू लागतो. अकराव्या आबांचा गाल त्याने जरा फुगवला. तेराव्यांचा ओठ कोपऱ्यात वर गेला. पंधराव्यांचा मस त्याने रागाने रंगवलाच नाही. सातव्या दिवशी दुपारी चुडामणने मोजायला म्हणून एकोणीस बोर्ड शेडच्या भिंतीला ओळीने लावले आणि तो मागे सरकून पाहू लागला. पाहता पाहता त्याचा चेहरा उतरला.

"गुलाबभाऊ, इकडे या. ह्या आबाची दाढ दुखते काय?"

गुलाबने पाहिलं. दुखत होती.

"हा पान खाऊन राह्यला. आन् हा..." चुडामण तेराव्यासमोर थांबला. "हा मले पाहून हसतो."

ते खरंच होतं. एकोणीस सख्खे भाऊ एका लग्नात उभे असावेत तसे ते दिसत होते, आणि त्यातल्या दोघांचं आपसात पटत नसावं. गुलाबने विसाव्या बोर्डासाठी उचललेला ब्रश डब्यात ठेवला. अजून बेचाळीस आबा बाकी होते. 

"शेठ," तो म्हणाला, "रद्दी आहे का? जुनी पोस्टरं, काहीही."

चुडामणला काही कळलं नाही, पण त्याने कोपऱ्यातला गठ्ठा दाखवला. गुलाबने नवी शीट डाव्या कोपऱ्याला लावली आणि उरलेल्या सगळ्या भोकांवर मागच्या निवडणुकीची पोस्टरं अंथरली. पडलेल्या उमेदवारांची जास्त शिल्लक होती. ब्लोअर चालू होताच ती टेबलाला गच्च चिकटली. शीटसुद्धा आता पूर्वीपेक्षा घट्ट बसली, कारण ओढ वाया जाणं थांबलं होतं. मग त्याने मशीन चालवणाऱ्या रुपचंदला छपाई सोडायला सांगितलं.

वीस मिनिटं तिघंही टेबलाशी उभे राहिले. आधी फेटा आला, मग कपाळ, मग नाक. मिशी आली आणि मिशीच्या जागीच थांबली. डावा गाल उजव्या गालाइतकाच स्वच्छ होता.

चुडामणने गालावरून हलकंच बोट फिरवलं. मग गुलाबकडे वळला.

"हे तुमाले कधी समजलं?"

खोटं बोलायला अजून जागा होती. आत्ता सुचलं म्हणाला असता तर चुडामणने त्याला हार घातला असता.

"दसऱ्याला," गुलाब म्हणाला. "पूजेत."

चुडामण बाहेर गेला आणि रस्त्याच्या कडेला तोंड करून उभा राहिला. अर्धा तास तो तिथेच होता. गुलाबने आपले ब्रश धुतले, पुसले, पिशवीत भरले. शिंदखेड्यात भावाकडे जाऊन पाट्या रंगवायच्या का, धुळ्यात कुणाकडे विचारायचं, असं सगळं त्याच्या मनात चाललं होतं. विचित्र म्हणजे वाईट वाटत होतं त्याहून हलकंच जास्त वाटत होतं.

चुडामण आत आला तेव्हा त्याचा राग पुरता गेलेला नव्हता.

"तीन महिने तुम्ही मले येडा बनवलं."

"हो."

"पारेखले मी दिवाळीनंतरबी लॉज करून दिला."

"शेवभाजी त्याने आपल्या मनाने खाल्ली," गुलाब म्हणाला.

चुडामणला हसू आलं आणि ते आल्याचा त्याला आणखी राग आला. तो खुर्चीत बसला. "पिशवी ठेवा खाली. उद्यापासून मशीनवर तुम्ही उभे राहाल. रुपचंदले बटणं कळतात, तोंडं कळत नाहीत. पगार वाढवतो. पण माह्यापासून काही लपवायचं नाही."

गुलाबने पिशवी खाली ठेवली. ब्रश मात्र लगेच बाहेर काढले नाहीत.

उरलेले बेचाळीस आबा तीन दिवसांत निघाले. आधीचे एकोणीस परत छापायला शीट शिल्लक नव्हती, म्हणून ते पिंपळनेरच्या बाजूला लावायचं ठरलं. तिकडे आबांना जवळून पाहिलेलं कुणी नव्हतं. सगळा माल टेम्पोत चढवून झाल्यावर दोघं गेटसमोरच्या टपरीवर चहा प्यायला बसले.

"आजून काही माहीत असंल तर आजच सांगून टाका," चुडामण म्हणाला. "नंतर चालणार नाही."

गुलाबने बशीत चहा ओतला, फुंकला, विचार केला.

"कंप्रेसरच्या टाकीत पाणी साचतं. म्हणून मधूनच नोझल थुंकतो. रोज सकाळी खालची चावी खोलून पाणी सोडायला पाहिजे."

"हे कधीपासून माहीत?"

"हे रुपचंदपासून बठ्ठासले माहीत शे शेठ," गुलाब म्हणाला. "तुमले कोन्ही सांगं नही, इतलंच."

चुडामणने कप ठेवला आणि आपल्याच शेडकडे पाहत राहिला. दारात रुपचंद उभा होता. शेठ बघतोय म्हटल्यावर त्याने हात हलवला.