मधुकररावांची शिकवणी

दामिनीला ड्रेसाज येत होतं, पण पुस्तक वाचून पोहणाऱ्याला पोहणं येतं तेवढंच. ड्रेसाज म्हणजे घोड्याकडून कवायत करून घ्यायची, आणि ती अशी की बघणाऱ्याला वाटावं, स्वार नुसता बसलाय आणि घोड्यालाच सगळं सुचतंय. सौंसर ते नागपूर बसने ये-जा करत ती तीन वर्षं घोडेस्वारी शिकली होती. मे महिन्याच्या शेवटी नागपूरजवळच्या एका सरकारी अकादमीची निवड चाचणी होती. जागा सहा. वयाची अट तेवीसच्या आत, आणि दामिनी जूनमध्ये तेवीस पूर्ण करणार होती. म्हणजे पुढच्या वर्षी प्रयत्न करू, असं म्हणायची सोय सरकारने आणि तिच्या आईवडिलांनी मिळून ठेवली नव्हती.

अडत होतं ते पियाफपाशी. पियाफमध्ये घोडा दुडकतो, पण जागच्या जागी, एक वीतही पुढे न सरकता. क्लबातल्या घोड्याला दामिनीने तशी खूण केली की तो सरळ कुंपणापर्यंत जाऊन थांबायचा आणि तिच्याकडे मान वळवून बघायचा. शेवटी तिच्या शिक्षिका सुचिता मॅडम म्हणाल्या, "तुला येत नाही आणि घोड्यालाही येत नाही. दोघांपैकी एकाला तरी यायला पाहिजे."

म्हणजे मुरलेला घोडा हवा होता. ज्याने सगळं करून झालंय, जो चुकीच्या खुणेला चुकीचंच उत्तर देतो आणि बरोबर खुणेला बरोबर. घोडेवाले त्याला मास्तर घोडा म्हणतात. दामिनीने फोनवर शोध घेतला. पुण्यातल्या मास्तराकडे दोन वर्षांची यादी होती. बेंगळुरूचा मास्तर आजारपणाच्या रजेवर होता. एक जर्मनीत सापडला, नाश्त्यासह. चौथा वारला होता, पण त्याचं पान अजून चालू होतं आणि त्याला पाचपैकी पाच तारे होते.

पाचवा सापडला तो मामेबहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओत. पांढुर्ण्याचा चौक, पुढे बँड, मागे वरात, मधे घामाघूम नवरदेव, आणि त्याच्या खाली एक उंच तपकिरी घोडा शांतपणे पियाफ करत होता. बावीस पावलं, जागा न सोडता. दामिनीने तो तुकडा अकरा वेळा पाहिला. हे कानावर गेल्यावर मामीने समजूत करून घेतली की पोरीला नवरदेवाचा धाकटा भाऊ आवडला, आणि तिने त्याच्या नोकरीची माहितीही पाठवून दिली.

घोडा श्रावणकाकांचा होता. पांढुर्ण्यात लग्नाला घोडा म्हणजे श्रावणकाका. कुठल्याशा अश्वशाळेने म्हातारा झाला म्हणून काढून टाकलेला हा घोडा त्यांनी आठ वर्षांपूर्वी आणला. पहिल्याच दिवशी तो अंगणात अशा काही रुबाबाने शिरला, की त्याला 'अरे' म्हणायची कोणाची छाती झाली नाही. नाव पडलं मधुकरराव. तेव्हापासून मधुकरराव पाणी पिऊन राहिले, मधुकरराव आराम करून राहिले, असंच घरात बोललं जाई. श्रावणकाकांच्या जावयालाही इतका मान नव्हता, आणि जावयाची त्याबद्दल तक्रार होती.

दामिनी पांढुर्ण्याला गेली, येण्याचं कारण सांगितलं. काकांना त्यात काही नवल वाटलं नाही. ज्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारायची रीत आहे, तिथे घोड्याकडे शिकवणीला आलेली मुलगी म्हणजे साधी गोष्ट. त्यांनी तिला मधुकररावांवर बसायला दिलं. दामिनीने पाठ ताठ केली, पोटऱ्या लावल्या, पुस्तकात होती ती खूण केली. मधुकरराव उभे राहिले. तिने पुन्हा खूण केली. मधुकररावांनी कडुनिंबाचा पाला खाऊन बघितला, तो कडू होता, म्हणून सोडून दिला.

"बाई, बँड कुठाय?" काका म्हणाले.

आठ वर्षांत मधुकरराव बँडशिवाय पाऊल उचलत नव्हते. दामिनीने फोनवर वरातीचं गाणं लावलं. मधुकररावांनी एक कान फिरवला, फोन आहे हे ओळखलं आणि कान परत जागेवर नेला. त्यांना माणसं वाजवताना लागत. शिवाय वर बसलेल्याच्या डोक्याला फेटा लागे. उघड्या डोक्याच्या माणसाला ते स्वार समजत नव्हते, सामान समजत होते. मग खऱ्या बँडपुढे फेटा बांधून बसायचं तर एकच मार्ग उरतो, आणि तो नवरदेवाचा. दामिनी दुपारच्या बसने सौंसरला परत आली. चाचणीला चोवीस दिवस होते.

चौथ्या दिवशी काकांचा फोन आला. अंकुर नावाचा एक नवरदेव घोड्याला भीत होता. थोरल्या भावाच्या लग्नात घोडा उधळून भाऊ थेट सासऱ्याच्या अंगावर पडला होता, आणि ते दृश्य अंकुरने फार जवळून पाहिलं होतं. तो गाडीतून यायला तयार होता. त्याची आई देवकाबाई तयार नव्हती. घोड्याविना वरात म्हणजे व्याह्यांनी जन्मभर बोलायचं.

देवकाबाईंनी दामिनीला घरी बोलावून खालीवर पाहिलं. मग त्यांनी हिशेब मांडला. पूर्वी नवरदेव लढाईत अडकला तर त्याची तलवार धाडत, आणि तलवारीशी लग्न लागे. तलवार चालते, तर करवली का चालू नये? करवली म्हणजे नवरदेवाची पाठराखीण बहीण, ती तर वरातीत असतेच. तिने नवरदेवाचा फेटा घालून घोड्यावर बसायचं, नवरदेवाने मागे गाडीत.

"तलवारीपेक्षा तर हे पोट्टी जिती हाय," देवकाबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

अशा रीतीने दामिनी अंकुरची बहीण झाली. तिला त्याचा फेटा बांधला, गालाला हळद लावली. बँड सुरू झाला. तिने मधुकररावांना खूण केली, आणि मधुकरराव गच्च उभे राहिले. वरात त्यांच्या मागे तुंबली. नाचणाऱ्यांना वाटलं, मुद्दाम थांबलेत, म्हणून ते आणखी नाचले. दामिनीने लगाम आवळला, टाचा रुतवल्या, पुस्तकाची दोन पानं एकदम लावली. मधुकररावांनी शेपटी हलवली, पण ती माशीसाठी.

खालून श्रावणकाका हळू म्हणाले, "सोडा बाई. त्याईले माहीत हाय. तुमी फक्त मना करून राहिल्या."

तीन वर्षांत हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सुचिता मॅडमनी सांगितलं असेलही, पण इंग्रजीत. दामिनीने मुठी सैल केल्या, अडवलेला श्वास सोडला. मधुकररावांनी मागचे पाय पोटाखाली घेतले, पाठ वर आली, आणि खाली कोणीतरी बिनघाईने कणीक मळायला बसल्यासारखं झालं. एक, दोन, तीन. ती मोजायचं विसरली. मधेच भीती वाटून तिची मूठ आवळली गेली, तर मधुकरराव तत्क्षणी थांबले. सैल केली, तर पुन्हा सुरू. शिकवणी चालू झाली होती.

त्या दिवशी मंडपापर्यंत तिचे बहुतेक धडे झाले. गल्लीत आडव्या लावलेल्या जीपगाडीला मधुकररावांनी तिरप्या चालीने, पाय ओलांडत बगल दिली. पुस्तकात त्याला दीड प्रकरण होतं. मंडपाच्या दारात ते उभे राहिले. नवरीची आई ताट घेऊन आली, दामिनीला ओवाळलं, मधुकररावांना भिजवलेली चण्याची डाळ खाऊ घातली. डाळ मिळाल्याशिवाय ते तिथून हलत नसत. कोण आलं, किती घाई आहे, मुहूर्त टळतोय का, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. मागच्या गाडीतून अंकुर उतरला आणि बाजूने आत गेला. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

बातमी पसरली. घोड्याला भिणारे नवरदेव या भागात किती आहेत, हे तोवर कोणाला माहीत नव्हतं, कारण नवरदेवाला विचारायची पद्धत नाही. वीस दिवसांत दामिनी नऊ जणांची बहीण झाली. लोधीखेड्यात आणि शेजारच्या गावात एका दिवशी दोन मुहूर्त आले, तेव्हा बँडवाले टेम्पोत बसून वाजवत पुढे निघाले, आणि मधुकरराव मागून, मोकळ्या पडलेल्या कपाशीच्या शेतांच्या कडेने, चौखूर. वाजवणं थांबलं की ते थांबत, म्हणून ढोलवाल्याने पाच किलोमीटर हात थांबवला नाही. त्या पाच किलोमीटरांत ढोलाच्या चालीवर धावता धावता पाय बदलणं दामिनीला आलं. ढोलवाला दोन दिवस चमच्याने जेवला, तेही दुसऱ्याच्या हातून.

चाचणीच्या दिवशी घोडे चिठ्ठ्या टाकून वाटले. दामिनीला एक तरुण पांढरी घोडी आली. तिला पियाफ जेमतेम येत होतं आणि ती घाबरलेली होती. दामिनीने काही केलं नाही. म्हणजे मूठ सैल ठेवली, श्वास सोडला, मना केलं नाही. घोडीने जरा वाट पाहिली, मग मागचे पाय पोटाखाली घेतले. सोळा पावलं, जागच्या जागी. कुंपणाशी उभ्या सुचिता मॅडमनी गॉगल काढून पाहिलं आणि परत घातला.

सगळं नीट झालं. शेवटचा सलाम करून मैदानाबाहेर जायचं, एवढंच उरलं. दामिनी घोडी घेऊन परीक्षकांच्या टेबलासमोर गेली आणि उभी राहिली. परीक्षक बघत राहिले. घंटा वाजली. दामिनी हलेना. घोडीला तशी काहीच सवय नव्हती. सवय दामिनीला लागली होती. दुसऱ्यांदा घंटा वाजली. तिचं पुरतं लक्ष टेबलावरच्या ताटलीकडे होतं, आणि आपण कशाची वाट बघतोय हे तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं. अखेर यशवंतराव नावाचे पांढऱ्या मिशांचे परीक्षक उठले, ताटलीतलं एक बिस्कीट घेऊन आले आणि घोडीला दिलं. दामिनीने मान लववली आणि शिस्तीत बाहेर गेली.

मैदान वेळेत सोडलं नाही म्हणून तिचे दोन गुण कापले. यादी लागली तेव्हा ती सहावी होती. सातव्यात आणि तिच्यात अर्ध्या गुणाचं अंतर होतं.

त्याच आठवड्यात ती पेढे आणि भिजवलेली डाळ घेऊन पांढुर्ण्याला गेली. मधुकररावांनी डाळ खाल्ली, पेढ्यांचं काय ते श्रावणकाकांनी बघितलं. दामिनीसोबत सुचिता मॅडम होत्या. ती सोळा पावलं कुठून आली, एवढंच त्यांना समजून घ्यायचं होतं. तासभर त्या मधुकररावांभोवती फिरल्या. मग खालच्या आवाजात काकांना म्हणाल्या, की पियाफमध्ये त्यांचीही मूठ आवळली जाते, गेली वीस वर्षं.

काकांनी डायरी उघडली. "सोमवारी मोहगावची वरात हाय. नवरदेव भेऊन राहिला." मग त्यांनी मॅडमकडे अंदाजाने पाहिलं. "वय किती तुमचं?"

"शेहेचाळीस."

"मंग बहीण नाही जमत," काका म्हणाले, आणि पेन्सिलीने लिहून घेतलं, "आत्या."