वर्ग : वातावरण

दारावरच्या मुलीने आत येणाऱ्या बाईच्या मोबाइलवरचा निमंत्रणाचा चौकोन यंत्रासमोर धरला, यंत्र टुणकन वाजलं आणि मुलीने टोपलीतून एक गुलाबी पट्टा काढून तिच्या मनगटाला चिकटवला.

"बाकीच्यांचे निळे आहेत," ती बाई म्हणाली.

"यंत्र सांगेल तो रंग, ताई." मुलीने पडद्यावरून वाचून दाखवलं. "वर्ग, वातावरण. तुमच्या बाकीच्या मुली डाव्या हाताच्या खोलीत आहेत. कपडे बदलायचे असतील तर आटपा हं, सातला पाहुणे यायला लागतील."

ती सत्तेचाळीस वर्षांची होती. पायात सपाट चपला आणि खांद्यावर लॅपटॉपची पिशवी. या क्रिप्टो कंपनीत सहा वर्षं ती तपासनीस होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामात चोर कुठून शिरेल, हे चोराच्या आधी हुडकून काढायचं, एवढंच काम. आईला जाऊन पाच आठवडे झाले होते आणि तिला खरं तर कुठेच जायचं नव्हतं. पण वरच्या मजल्यावर दहा मिनिटं बोलायचं कबूल करून बसली होती.

जिन्यापाशी रखवालदाराने पट्टा पाहून हात आडवा केला. "गुलाबी खालीच."

"मला वर बोलायचंय."

"वर सगळ्यांनाच बोलायचं असतं, मॅडम," तो म्हणाला. त्यात कुचकेपणा नव्हता. त्याला जे सांगितलं होतं तेवढंच तो करत होता.

कार्यक्रमप्रमुख वर होता आणि फोन उचलत नव्हता. ती खालीच एका खांबाशी उभी राहिली. दोन गुंतवणूकदार बोलत बोलत आले. त्यातल्या एकाने आपला रिकामा ग्लास तिच्या हातात दिला, जसा टेबलावर ठेवावा तसा.

"यावेळी सगळ्या वयोगटांची सोय केलेली दिसतेय," दुसरा म्हणाला, आणि दोघे हसत पुढे गेले.

"हसत राहा, ताई," शेजारून आवाज आला. चंदेरी झग्यातली एक उंच मुलगी होती. "न हसणाऱ्यांना पुढच्या वेळी बोलवत नाहीत."

"तू नेहमी येतेस?"

"परीक्षा नसली की. फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला आहे." तिने ओठ न हलवता हनुवटीने गर्दीकडे खूण केली. "खांदे बघा एकेकाचे. सगळे पुढे आलेत. दहा वर्षांनी माझ्याकडेच येणारेत."

ती पाच आठवड्यांत पहिल्यांदा हसली.

मग फोटो सुरू झाले. करड्या कोटातल्या एका पाहुण्याने उंच मुलीला बोलावलं आणि कमरेला धरून मांडीवर बसवलं. ती उठली. त्याने पुन्हा ओढलं. "सोडा," ती म्हणाली. मग मोठ्याने, "सोडा!" रखवालदाराने वळून पाहिलं, आधी तिच्या चेहऱ्याकडे, मग मनगटाकडे. आणि तो पुन्हा जिन्याकडे बघू लागला. सहा पावलांवर उभ्या असलेल्या तपासनिसाला हातातला ग्लास कुठे ठेवावा ते सुचेना. ती जागा शोधेपर्यंत मुलीने स्वतःच स्वतःला सोडवलं होतं आणि ती गर्दीत दिसेनाशी झाली होती.

तेवढ्यात संस्थापक जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन उभा राहिला. एकतीस वर्षांचा होता तो. ऑफिसात त्याच्या पाठीमागे सगळे त्याला रॉकेट म्हणत. "मित्रांनो," तो माइकमध्ये म्हणाला, "आज या दारातून आत आलेल्या प्रत्येकाची नोंद आपल्या ब्लॉकचेनवर झालीय. नाव, वेळ, वर्ग. जगात कुणालाही वाचता येईल, आणि कुणाच्या बापालाही पुसता येणार नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

ती वर न बोलताच घरी आली. बाबा जेवणाच्या टेबलाशी चष्मा कपाळावर चढवून बसले होते. "दाखला आला बघ आईचा."

तिने वाचला. नाव, वय, तारीख, सगळं बरोबर. व्यवसाय : गृहिणी.

आईने चौतीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात काढली होती. असे हजारो दाखले तिच्या अक्षरात लोकांच्या कपाटांत पडून असतील.

"बाबा, हे कुणी सांगितलं?"

"मीच. त्या हॉस्पिटलातल्या माणसाने विचारलं, काय करतात? रिटायर होऊन नऊ वर्षं झालेली. मी म्हटलं, घरी असते." त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढून तो शब्द पुन्हा वाचला. "असते, असंच म्हणालो गं मी."

"राहू द्या. मी करून आणते दुरुस्ती."

चार दिवसांनी उंच मुलीची लेखी तक्रार कंपनीत आली, आणि पाठोपाठ एका वर्तमानपत्राचा फोन. कंपनीने ताबडतोब खुलासा तयार केला : कार्यक्रमातल्या सर्व स्त्रिया आमच्या सन्माननीय निमंत्रित होत्या, त्यांची कसलीही वेगळी वर्गवारी केलेली नव्हती. खुलासा निघणार, इतक्यात कुणालातरी ब्लॉकचेन आठवली.

तिथे एकसष्ट नावांपुढे 'वातावरण' लिहिलेलं होतं. कार्यक्रमप्रमुखाने भाड्याने आणलेल्या अठ्ठावीस मुलींसाठी तो वर्ग काढला होता. पुढे वेळ वाचवायला त्याने यादीत 'स्त्री' लिहिलेल्या सगळ्या ओळी निवडून एकाच फटक्यात भरल्या. त्यात दोन बँक अधिकारी होत्या, तीन वकील होत्या आणि रॉकेटची बायकोही होती.

काचेच्या खोलीत रॉकेट, मनुष्यबळ विभागाची बाई आणि ती अशी तिघं बसली.

"ताई," रॉकेट म्हणाला. एरवी तो तिला मॅडम म्हणे. "ती आणीबाणीची सोय आहे ना आपली? तीन किल्ल्यांची?"

सोय होती. मोठी चोरी झालीच तर ठरावीक नोंदी काढून टाकता याव्यात म्हणून तिनेच ती करायला लावली होती. तिघांनी आपापल्या गुप्त किल्ल्या एका वेळी वापरल्या तरच ती चाले : संस्थापक, मुख्य अभियंता आणि तपासनीस.

"दोन तयार आहेत. तुमची तेवढी राहिलीय."

"चोरी झालीय का?"

"अब्रूची होईल ना!"

"अगं, तुझंच नाव आहे त्यात," मनुष्यबळवाली कळवळून म्हणाली. "वातावरण म्हणून! कायमचं राहणार ते तिथे. तुला तरी बरं वाटेल का? पुसलं की सगळ्याच जणी सुटतील. आणि खुलाशावर तुझी सही हवीय. तू सगळ्यात ज्येष्ठ, शिवाय तिथे हजर होतीस."

आपलं नाव तिथे कायमचं राहील, एवढं तरी खोटं नव्हतं, हे तिला कबूल करावं लागलं.

"पाचपर्यंत सांगते," ती म्हणाली. "दुपारी माझं बाहेर एक काम आहे."

नोंदणी कार्यालयातला कारकून आईच्या हाताखाली तयार झालेला होता. आता त्याचेही केस पिकले होते. तिचा अर्ज वाचून त्याने कपाळाला हात लावला. "मॅडमच्या नोंदीत चूक! आणि माझ्याच टेबलावरून गेली की ही." त्याने मोठी वही उघडली, पट्टी घेतली आणि 'गृहिणी'वर तांबड्या शाईची एकच बारीक रेघ मारली. खालचा शब्द स्वच्छ वाचता येत होता.

"ब्लेड नाही, खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. मॅडमना काही म्हणजे काही चालायचं नाही. म्हणायच्या, चूक दिसत राहिली पाहिजे, तरच दुरुस्ती केली म्हणता येईल." तो समासाकडे वळला. "काय लिहू? लिपिक?"

"हो."

"वरिष्ठ," तो म्हणाला. "वरिष्ठ लिपिक होत्या त्या." आणि तसं लिहून त्याने खाली सही केली, तारीख घातली आणि दुरुस्त दाखला काढून दिला.

साडेतीनला ती आपल्या जागेवर येऊन बसली. तपासनिसाला ब्लॉकचेनवर शेरा लिहिण्याचा अधिकार होता. सहा वर्षांत तिने तो कधी वापरला नव्हता. तिने लिहिलं :

'माझ्या नावापुढचा वर्ग, वातावरण, चुकीचा आहे. मी या कंपनीची तपासनीस आहे. हा वर्ग त्या दिवशी प्रत्येक स्त्रीला दिला गेला आणि त्यावरून कोणाला वर जाऊ द्यायचं आणि कोणाचं ऐकायचं हे ठरलं. सात वाजून चाळीस मिनिटांनी करड्या कोटातल्या एका निमंत्रिताने तक्रार करणाऱ्या मुलीला दोनदा मांडीवर ओढलं. ती दोनदा सोडा म्हणाली. रखवालदाराने तिचा पट्टा पाहिला आणि तोंड फिरवलं. मी सहा पावलांवर होते. माझ्या हातात ग्लास होता. मी काही केलं नाही.'

खाली नाव, हुद्दा, तारीख. एकदा वाचून पाहिलं आणि नोंदवलं.

दहा मिनिटांत रॉकेट धापा टाकत आला. "हे काय करून ठेवलंत तुम्ही?"

"दुरुस्ती."

"पुसता येईल?"

"तीन किल्ल्या लागतील."

तो शेजारच्या खुर्चीत मटकन बसला. "दुसरा तपासनीस नेमला तर?"

"किल्ली बदलायलाही तीनच लागतात."

"हा नियम कुठल्या गाढवाने केला?"

"मी."

त्याने पडद्यावरचा शेरा खालपर्यंत वाचला. मग हळू आवाजात म्हणाला, "आता कंपनीने काय म्हणायचं?"

"ते कंपनीने लिहावं. खाली जागा आहे."

सहा वाजता ती निघाली. दुरुस्त दाखला पिशवीत होता, दुमडू नये म्हणून लॅपटॉपच्या घडीत ठेवलेला. लिफ्टमध्ये मोबाइल वाजला. उंच मुलीचा निरोप होता, ऑफिसच्या पत्त्यावर आलेला.

'तुम्ही लिहिलेलं वाचलं. माझ्या वकिलांना पाठवलंय. ताई, टेबल तुमच्या मागेच होतं.'

लिफ्ट खाली पोचली, दार उघडलं, दोघे-तिघे आत शिरले. ती कोपऱ्यात सरकली आणि तिथेच उभ्या उभ्या तिने उत्तर लिहिलं : 'हो. होतं.'