तोफेवरची फडकी

दर शनिवारी दुपारी तोफेच्या तुकडीला, तोफ लपवलेल्या बोगद्यातच, सभेला बसावं लागे. प्रत्येकाने आधी स्वतःची एक चूक सांगायची, मग दुसऱ्याची. वर्षानुवर्षं हेच चालल्यावर चुका तरी आणायच्या कुठून? म्हणून जवान आपसात जोड्या जमवत आणि कोणी काय सांगायचं ते आधीच ठरवून घेत. दोकसूची जोडी मानबोकशी होती.

"या वेळी तुझं काय सांगू, दादा?" सकाळी मुळ्याचं सूप पिताना दोकसूने विचारलं. "घोरतोस ते?"

"ते मागच्या शनिवारी झालं, गाढवा. पायाची फडकी इंजिनावर वाळत घालतो, ते सांग. मी सांगेन, तू जेवताना बडबडतोस."

बोगद्यात बारा महिने ओल. तोफेची गाडी अधूनमधून सुरू करत, तेव्हा इंजिनाच्या तापलेल्या झाकणावर बुटात मोज्यांऐवजी पायाला गुंडाळायची फडकी छान वाळत. दोघेही तिथेच घालत. तोफेचा गोळा म्हणे सीमेपलीकडच्या राजधानीपर्यंत पोचतो. या दोघांना तिची ऊबच काय ती कामाला आली होती.

दोकसूने ठरल्याप्रमाणे सांगितलं. नेमका त्या दिवशी वरून आलेला राजकीय अधिकारी सभेत होता. त्याने झाकणाकडे पाहिलं. तिथे लाल पाटी होती: याच जागी देशाच्या महान नेत्यांनी हात ठेवला होता. रोज पुसून पुसून ती पाटी इतकी सवयीची झाली होती, की तुकडीतल्या कोणाचं तिच्याकडे लक्षच जात नसे.

"इथे? पायाची फडकी?" अधिकाऱ्याने हळू आवाजात विचारलं.

दोकसू पाटीकडे बघत खाली बसला. आता पाळी मानबोकची. दोकसूचंही नाव घेतलं असतं, तर शिक्षा निदान वाटली गेली असती.

"कॉम्रेड दोकसू जेवताना फार बोलतात," मानबोक म्हणाला आणि खाली बसला.

माझीही फडकी होती, एवढंच दोकसूला म्हणायचं होतं. पण पक्षाचं सदस्यत्व हातातोंडाशी आलेलं, घरी आई त्याच आशेवर. त्याची जीभ उचलली नाही. त्या गप्प बसण्याची लाज त्याला जन्मभर पुरली.

संध्याकाळी मानबोकला सक्तमजुरीसाठी खाणीवर न्यायला ट्रक आला. चढण्याआधी तो सगळ्यांना, मुख्य म्हणजे अधिकाऱ्याला, ऐकू जाईल असं म्हणाला, "कॉम्रेड दोकसूंनी माझ्यावर योग्य टीका केली. मी त्यांचा आभारी आहे."

अधिकाऱ्याने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. दोकसूनेही वाजवल्या.